पांढरीची माती, घराचा मलबा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर पाहावे पाडून, असे मात्र कुणी सांगून ठेवले नाही. नवे घर बांधायचे म्हटले की नकाशा निघतो, मुहूर्त निघतो, सिमेंट-लोखंडाचा हिशेब होतो. जुन्या घरातली एखादी भिंत काढायची असली की मात्र दोन मजूर, एक सब्बल आणि एक घन एवढीच तयारी पुरेशी वाटते. भिंत पडल्यावर मग प्रश्न येतो, आता हा ढीग टाकायचा कुठे?

या वर्षी होळीनंतर पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांत मला काही दिवस राहावे लागले. पांढुर्ण्याला माझी आत्या आणि सौंसरला मामा. दोन्ही घरांत एकाच वेळी तोडफोड निघाली होती. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले आणि मोजले, ते आपल्या भागातल्या वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते, कारण गल्लोगल्ली आता हेच काम चालू आहे.

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी काटोल, नरखेड मागे टाकून पांढुर्ण्याला पोहोचते. मधे राज्य बदलले हे खिडकीतून कळत नाही. तीच काळी माती, त्याच संत्र्याच्या बागा, डब्यात तीच बोली. १९५६ पर्यंत नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे निघाले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी ही रीत मात्र बदलली नाही. म्हणून महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे ज्याला राडारोडा म्हणतात, त्याला इथे सगळे मलबा म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

आत्याचे घर जुन्या वस्तीत, जाम नदीपासून फार दूर नाही. समोर सपरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी सांदवाडी. मातीच्या दीड-दीड फुटी भिंती, सागवानाचे आढे आणि फाटे, वर कवेलू. संडास सांदवाडीच्या टोकाला. आत्याचे गुडघे आता साथ देत नाहीत. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन चिखलातून जाणे तिला जमेना. म्हणून माजघरामागची एक भिंत काढून घरातच संडास-न्हाणी करायची, एवढेच काम ठरले होते.

मिस्त्री वयस्कर होता. त्याने भिंतीला हात लावण्याआधी शिडी मागवली, वर चढून कवेलू बाजूला केले आणि बराच वेळ नुसता पाहत बसला. खाली उतरून म्हणाला, "ताई, बांधाले कोनीबी बांधते. पाडाले अक्कल लागते. आन् पाडलेलं उचलाले पैसे लागते."

त्याने वर जे पाहिले ते महत्त्वाचे होते. आत्याच्या आणि शेजारच्या घराची एक भिंत सामाईक आहे. दोन्ही घरांचे फाटे त्याच भिंतीवर टेकलेले. काढायची असलेली आतली भिंत या सामाईक भिंतीला काटकोनात येऊन मिळते आणि तिला आधार देते. मातीच्या घरात भिंती एकमेकींना धरून उभ्या असतात. एक काढली तर दुसरी एकटी पडते. शिवाय वरचे कवेलू काढून भिंतीचा माथा उघडा ठेवला आणि एखादा अवकाळी पाऊस आला, तर मातीची भिंत भिजून खाली बसायला वेळ लागत नाही. म्हणजे आत्याच्या न्हाणीपायी शेजाऱ्यांचे छत धोक्यात.

इथे खरी अडचण होती. सांडपाण्याच्या नालीवरून दोन्ही घरांत काही वर्षांपासून बोलणे बंद होते. आत्याचा मुलगा म्हणाला, "आपली भिंत आपण पाडतो, त्यायले कायले विचारा लागते?" मिस्त्री म्हणाला, "विचारल्याबिगर मी सब्बल लावत नाही भाऊ." शेवटी आत्याच काठी टेकत शेजारी गेली. मी सोबत होते. शेजारच्या काकूंनी पाट दिला, पाणी दिले, पण बराच वेळ कुणी विषय काढेना. मग आत्या म्हणाली, "माह्या गुडघ्यानं मले तुमच्या दारी आनलं वो बाई."

काकूंनी दोन अटी घातल्या. पहिली, सामाईक भिंतीला धक्का लागू नये, तिला आमच्या बाजूने पक्का आधार उभा राहावा. दुसरी अट ऐकून मला हसू आले, पण ती अगदी रास्त होती. धाब्यावर त्यांचे कुरड्या-पापडांचे वाळवण पडायचे होते. ते उचलेपर्यंत धूळ उडवायची नाही. मिस्त्रीने दोन्ही मान्य केल्या. कामाची तारीख वाळवणावर ठरली. चैत्र-वैशाखात तोडकाम काढणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब करावा. शेजाऱ्याला एक दिवस आधी सांगितले तर अर्धी भांडणे होतच नाहीत.

काम कसे झाले ते क्रमाने सांगते. आधी घरातली वीज मेन स्विचपासून बंद केली. जुन्या घरात वायर कुठून कुठे गेली आहे हे घरच्यांनाही माहीत नसते. मग सामाईक भिंतीला लागून दोन बल्ल्यांचे टेकू दिले आणि नंतर तिथेच विटांचा पक्का खांब बांधला. त्यानंतर वरून खाली, या क्रमाने सोडवणूक झाली. आधी कवेलू, मग कामट्या, मग फाटे आणि सर्वांत शेवटी भिंत. खालून भिंत पोखरून ती एकदम आडवी पाडायची, ही घाईची रीत मजुराच्या जिवावर उठते. दर दिवशी काम संपताना भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री टाकली जाई.

भिंत दहा फूट लांब, नऊ फूट उंच, दीड फूट जाड. म्हणजे एकशे पस्तीस घनफूट. मातीचे वजन घनफुटाला साधारण पन्नास किलोच्या आसपास धरा. सहा-साडेसहा टन माती झाली. फुटल्यावर ती फुगते, जागा सव्वापट घेते. म्हणजे दोन ट्रॉल्या. पण आत्याच्या गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही. कोपऱ्यापर्यंत घमेल्याने वाहून न्यायचे. एका घमेल्यात वीस किलो धरले तर सव्वातीनशे फेऱ्या! भिंत अर्ध्या दिवसात पडली. दोन रेजांना आणि एका मजुराला ती हलवायला पुरते दोन दिवस लागले. आत्याच्या मुलाने मजुरी फक्त पाडण्याची धरली होती. पाडण्यापेक्षा उचलण्याचा खर्च जास्त, हे त्याने वहीत नंतर लिहिले.

मागच्या जुन्या संडासावर सिमेंटचे पत्रे होते. असे जुने पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडले, कापले की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्याचे आजार वर्षानुवर्षांनी निघतात. म्हणून हे पत्रे घनाने फोडू नयेत. पाणी मारून ओले करावेत, बोल्ट सोडवून अख्खेच खाली उतरवावेत, तुकडे भरतीत वापरू नयेत. विटा, दगड आणि काँक्रीटची धूळही वाईटच. तिच्यात सिलिका असते. आधी पाणी शिंपडावे आणि मजुरांना चांगला मास्क द्यावा. नाकाला बांधलेल्या गमछाने बारीक धूळ अडत नाही.

आता त्या मातीचे काय झाले ते ऐका. मराठीत गावासाठी दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या मातीची घरे पडत, त्याच जागेवर नवी उठत, राख आणि शेण त्यात मिसळत जाई. त्यातून गावाची जमीन उंच होत गेली. जुन्या भिंतींची ही माती शेतकरी खत म्हणून शेतात नेत. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात मलबा नावाची वस्तूच जवळजवळ नव्हती. भिंत पडली की ती पुन्हा भिंतीत जाई, नाहीतर शेतात जाई. कवेलू फेरताना फुटलेले तेवढे बाजूला पडे. आत्याच्या भिंतीची एक ट्रॉली नात्यातल्याच एका शेतात गेली आणि उरलेली माती न्हाणीच्या जमिनीखाली भरतीला आली. फेकायला काही उरलेच नाही.

एक गोष्ट मात्र अडली. जुन्या दाराची सागवानी चौकट आत्याच्या सावनेरच्या मुलीला हवी होती. सावनेर महाराष्ट्रात. सागवानाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो, आणि इथे तर राज्याची सीमा ओलांडायची. लाकूड घरचे आणि कितीही जुने असले तरी गाडीत टाकण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी, तपासणीच्या नाक्यावर नव्हे. सीमेवरच्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चौकट अजून सपरीत उभी आहे, अर्ज दिला आहे.

पांढुर्ण्यात तोडकामाला पावसाळ्याआधीचे महिने बरे, याला आणखीही कारणे आहेत. कापूस वेचणी आणि संत्र्याची तोड चालू असली की मजूर आणि ट्रॅक्टर मिळत नाहीत. पावसाळ्यात काम रेंगाळले तर पोळा येतो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. त्या दिवशी दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. मिस्त्रीचा नियम असा, की पोळ्याआधी आपल्या कामाच्या विटेचा तुकडासुद्धा गल्लीत ठेवायचा नाही. मला तो नियम पटला.

पांढुर्ण्याहून सौंसरला रस्त्याने गेले. जामसावळीच्या मारुतीमुळे हे नाव दूरवर माहीत आहे. माझ्या पिढीला सौंसर म्हटले की नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी आठवते. अडीच फुटांच्या रुळांवरून ती डुलत जायची. २०१५ साली ती बंद झाली, जुने रूळ काढले गेले आणि तिथे मोठी लाईन आली. मोठी लाईन टाकायची तर आधी छोटी काढावी लागते आणि काढलेले सामान कुठे न्यायचे ते आधी ठरवावे लागते. रेल्वेला जे कळते ते घरमालकाला का कळू नये?

मामाचे घर १९८०च्या सुमाराचे, विटा-सिमेंटचे, वर स्लॅब. स्वयंपाकघर आणि बैठक यांमधली भिंत पूर्ण काढून मोकळे स्वयंपाकघर करायचे, ही मामेभावाच्या बायकोची इच्छा. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. दिवसभर ओट्याशी एकटी उभी राहणारी ती, घरातल्यांशी बोलायला तिला भिंत आड येत होती. मामींचा विरोध होता, कारण त्याच भिंतीत त्यांची देवाची कोनाडी होती.

दोघींच्या मधे अभियंता आला हे बरे झाले. त्याने भिंत मोजली. साडेचार इंची भिंत बहुधा नुसती आड असते. नऊ इंची भिंत, आणि घरात काँक्रीटचे खांब नाहीत, तर तिच्यावर स्लॅब टेकलेला असण्याची शक्यता मोठी. मामाकडची भिंत नऊ इंची होती आणि वरच्या खोलीची भिंतही नेमकी तिच्यावरच उभी होती. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा चार इंची स्लॅबच पावणेतीन टनांच्या घरात जातो. हे ओझे ज्या भिंतीवर, ती सरसकट काढता येत नाही. तोडगा निघाला तो असा: आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू, मग भिंतीत सहा फुटांची मोकळी जागा, तिच्यावर तुळई आणि तुळई पक्की झाल्यावरच टेकू काढायचे. बाकीची भिंत राहिली. तिच्यात कोनाडीही राहिली. सुनेला मामींचा आवाज ऐकू येतो आणि मामींना देव दिसतो. एवढ्यासाठी अभियंत्याला दिलेले पैसे मामांना जड वाटले नाहीत.

मामांनी एक गोष्ट मोठी शहाणपणाची केली. घन चालवण्याआधी एका वहीत चार रकाने पाडले. पहिल्यात पुन्हा वापरायच्या वस्तू: शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, खिडक्या, साबूत विटा. दुसऱ्यात भंगारात जाणारे: सळ्या, नळ, वायर. तिसऱ्यात भरतीला चालणारे: विटांचे आणि काँक्रीटचे स्वच्छ तुकडे. चौथ्यात खरोखर फेकायचे: काच, प्लास्टिक, रंगाचे पोपडे, जुने पाइप. सगळे एकत्र ढिगात गेले की पहिल्या तिन्ही रकान्यांतले पैसे चौथ्यात बुडतात. मातीत बांधलेली वीट अख्खी सुटते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट बहुतेक तुटूनच निघते, म्हणून तिच्याकडून फार आशा ठेवू नये.

दारांवर पूर्वीच्या ऑइल पेंटचे थरावर थर होते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासून काढला तर शिशाची धूळ घरभर होते आणि ती लहान मुलांना सर्वांत घातक. मामांनी दारे उतरवून अंगणात नेली, ओली करून घासली, नातवंडांना तेवढे दिवस आजोळी पाठवले. न्हाणीच्या आणि संडासाच्या तोंडांत आधीच पोत्याचे बोळे घातले, नाहीतर मलब्याने पाइप तुंबतात आणि नवी फरशी पुन्हा फोडावी लागते.

ट्रॉलीचा हिशेबही सांगून ठेवते. दहा बाय दहा फुटांची नऊ इंची भिंत म्हणजे पंचाहत्तर घनफूट. फुटल्यावर ती शंभर घनफुटांच्या आसपास जाते, म्हणजे एक ब्रास. वजन चार टनांच्या घरात. एका भिंतीची एक ट्रॉली, असे सरळ लक्षात ठेवा.

ट्रॅक्टरवाल्याने मामांना सोपा उपाय सुचवला. "काकाजी, तुमच्याच बगीच्याजवळच्या नाल्यात टाकून देतो, डिझल वाचते." मामांनी साफ नकार दिला. संत्र्याच्या झाडाला चुनखडीची जमीन मानवत नाही. जमिनीत चुना वाढला की झाडाला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात. सिमेंट-प्लास्टरच्या मलब्यात चुनाच असतो. शिवाय नाला बुजला की पाणी बागेत तुंबते, आणि मुळांशी पाणी साचणे म्हणजे संत्र्याला मूळकुजीचे आमंत्रण. ज्या बागेच्या पैशावर घर सुधारते, तिच्याच मुळाशी घराचा मलबा टाकायचा हे कसले शहाणपण?

कायदाही हेच सांगतो. बांधकाम आणि तोडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राने २०१६ साली पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले. २०२५ साली नवे नियम काढले आणि त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली. २०१६च्या नियमांतच स्पष्ट होते की मलबा आपल्या आवारात ठेवावा किंवा स्थानिक संस्थेने ठरवलेल्या जागी द्यावा. रस्ता आणि नाली अडवू नये. मोठ्या शहरांत मलब्यापासून पुन्हा खडी-वाळू तयार होते. दिल्लीत बुराडीला असा प्रकल्प २००९ पासून आहे. लहान गावांत तसे काही हाताशी नसते, म्हणून इथे आधी विचारणे अधिक गरजेचे. काम सुरू करण्याआधी नगरपालिकेत जाऊन जागा विचारावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. मामांनी तेच केले. विटांचे तुकडे अंगणाच्या भरतीला गेले, उरलेली एक ट्रॉली ठरलेल्या जागी गेली.

दोन्ही घरांत मिळून एवढेच दिसले, की मातीच्या घराचे शहाणपण आपल्या वाडवडिलांच्या हातात होते. त्यांना ते लिहून ठेवावे लागले नाही, कारण माती आपोआप मातीत जात होती. सिमेंटचे घर तसे परत जात नाही. त्याच्यासाठी वही लागते. म्हणून मिस्त्री घरी आला की टाइल्सचा रंग सांगण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. या भिंतीवर काय टेकले आहे? शेजाऱ्याला कोण सांगणार? आणि मलबा कुठे जाणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल सब्बल लावा. एखाद्याचे उत्तर राहिले असेल तर चार दिवस थांबा. घर इतकी वर्षे उभे आहे, आणखी चार दिवस उभे राहील.